लख्ख उजेडाचं घर

"दिवा दिसता कामा नये गं, दिव्यानं दिसायला हवं," असं आत्याबाई म्हणाल्या होत्या, आणि तिनं ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं होतं.

यात तिची फार चूक होती असं नाही. आत्याबाई म्हणजे नवऱ्याची आत्या, सासऱ्यांची थोरली बहीण. त्या आल्या की चपला काढता काढता इशारे द्यायला सुरुवात करत आणि परत चपला घालेपर्यंत देत राहत. ओला टॉवेल खुर्चीवर टाकू नका, खुर्चीला सर्दी होते. फ्रिजवर फुलदाणी ठेवू नका, फ्रिज दबतो. पोरीला एकाच कुशीवर झोपू देऊ नका, कान चपटा होतो. खडे निवडून तांदूळ घ्यावा, हे ठीक. पण आत्याबाईंच्या बोलण्यात खडेच भरपूर आणि तांदूळ एखादा, तो निवडायला वेळ कुणाला? तिला तर त्या दिवशी मुळीच नव्हता. इलेक्ट्रिशियन शिडीवर चढून उभा होता.

तो शिडीवर चढला त्याला कारण शाळेतल्या बाई. पालकसभेत त्या म्हणाल्या, "मुलगी छान आहे हो. अक्षर छान, गणित छान. बोलते जरा जास्त. आणि फळ्याकडे बघताना डोळे बारीक करते, बाकी काही नाही."

मुलगी दुसरीत होती आणि तिच्या अखंड बोलण्यामुळे घरात तिचं नाव टिटवी पडलं होतं. बोलण्याबद्दलची तक्रार आईला नवीन नव्हती. पण 'डोळे बारीक करते' हे तीन शब्द घेऊन ती घरी आली आणि 'बाकी काही नाही' हे तीन शब्द तिथंच शाळेत विसरली. ती चांगली पदवीधर होती; पदवी दुसऱ्याच विषयातली होती, पण मनापासून अभ्यास केला होता तो काळजीचा. टिटवीला एक शिंक आली की हिच्या मनात रुग्णवाहिका निघे. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ मिळाली ती पुढच्या महिन्यातली. तोपर्यंत हातावर हात ठेवून बसणं तिच्या रक्तातच नव्हतं. तिनं घरभर संशयानं नजर फिरवली आणि गुन्हेगार तिला लगेच सापडला.

बाहेरच्या खोलीत जेवणाच्या टेबलावर एक जुना दिवा टांगलेला होता. त्याला वेताची खोलगट टोपली उलटी घातल्यासारखं झाकण होतं. उजेड टेबलापुरता पडायचा, बाकी खोली आपापली अंधुक पडून असायची. त्या दिव्याखाली टिटवी अभ्यास करायची, नवरा जेवता जेवता पेंगायचा, आणि रोज संध्याकाळी नाना, म्हणजे सासरे, आपल्या हातांच्या खुर्चीत बसून टिटवीशी बुद्धिबळ खेळायचे. वर्षानुवर्षं हे चाललं होतं.

"एवढ्याशा उजेडात पोरीचे डोळे जाणार नाहीत तर काय!" ती म्हणाली.

"आपले कुठं गेले?" नवऱ्यानं विचारलं. पण तो पेंगत विचारत असल्यामुळे तिनं तो पुरावा धरला नाही.

इलेक्ट्रिशियन उत्साही निघाला. "वहिनी, असा उजेड देतो की सुई हरवली तर सुईच हाक मारेल!" त्यानं समोरासमोरच्या भिंतींवर ट्यूबलाइटच्या दोन लांबलचक उघड्या नळ्या बसवल्या. जुना दिवा उतरवला. आत्याबाईंनी नेमकं तेव्हाच ते वर दिलेलं वाक्य उच्चारलं आणि कुणी ऐकत नाही म्हटल्यावर "मग हे झाकण तरी मला दे" असं म्हणून वेताची टोपली काखेत मारून घरी गेल्या.

बटण दाबलं. खोली पांढरी झाली. कोळ्यांची जाळी, टेबलाच्या पायावरचे ओरखडे, नवऱ्याची वाढलेली दाढी, सगळं एकदम समोर आलं.

"आता आपण एकमेकांना फारच स्पष्ट दिसतोय," नवरा म्हणाला.

"नाना, कसं वाटतंय?"

"लख्ख आहे," नाना म्हणाले आणि कपाळावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. तिनं हे कौतुक समजून घेतलं.

इथंच थांबायला हवं होतं. पण वरच्या मजल्यावरच्या वहिनी उजेड बघायला आल्या. या वहिनींना एक मेव्हणे आहेत. ते कधी कुणाला दिसलेले नाहीत, पण जगात जे जे काही होतं ते त्यांच्याकडे आधी होऊन गेलेलं असतं.

"दिवे छान आहेत हो," वहिनी म्हणाल्या, "पण तुमच्या भिंती उजेड पितात. मेव्हण्यांनी सगळीकडे चकचकीत पांढरा ऑइलपेंट दिला. उजेड दुप्पट! शिवाय फडक्यानं पुसता येतं."

आपल्या पोरीच्या वाटचा उजेड भिंती पितात हे कळल्यावर कुठली आई गप्प बसेल? रंगारी आला. घर आठवडाभर वर्तमानपत्रांखाली गेलं. भिंती अशा चकचकीत झाल्या की त्यात भांग पाडता यावा. मग वहिनी परत आल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की लाकूडही पितं. म्हणून टेबलावर अखंड काच आली. आता पिणारं कुणी उरलं नव्हतं. बिचारा उजेड जाणार कुठं? तो या भिंतीवरून त्या भिंतीवर, तिथून टेबलावर आणि टेबलावरून माणसांच्या डोळ्यांत येरझाऱ्या घालू लागला.

टीव्ही बघणं अवघड झालं. बातम्या देणाऱ्या बाईंना नळीची पांढरी मिशी दिसायची. नवरा आणि टिटवी उन्हाळी टोप्या घालून जेवायला बसू लागले. आलेल्या पाहुण्यांना वाटलं, बापलेकीनं एकदमच डोकं भादरलंय. एकदा नवऱ्याची घरून कॉम्प्युटरवर मीटिंग होती. त्याच्यामागची पांढरीफटक भिंत बघून साहेबांनी आवाज खाली आणून विचारलं, "हॉस्पिटलमध्ये आहेस का? बरं आहे ना सगळं?" नवऱ्यानं "तसं बरंय" असं अशा काही सुरात सांगितलं की त्याला दुपारनंतर सुट्टी मिळाली. या सगळ्या खटाटोपाचा घरात कुणाला झालेला फायदा तो एवढाच.

आणि दुपारचं ऊन! खोलीची खिडकी पश्चिमेची. पूर्वी ऊन यायचं, मातकट भिंतीवर मांजरासारखं निजायचं आणि जायचं. आता ते गुळगुळीत भिंतीवर आपटून खोलीभर उड्या मारायला लागलं. उपाय म्हणून तिनं काचेवर चकाकती फिल्म लावून घेतली. लावणारा म्हणाला, "बाहेरून आरसा, आतून सावली." आतून सावली झाली, हे खरं. बाहेरच्या आरशाचा विचार तिनं केला नाही. बाहेर ती राहत नव्हती.

बाहेर समोरच्या काकू राहत होत्या. समोरच्या इमारतीत, खालच्या मजल्यावर. त्या एका दुपारी तडक वर आल्या, डोळ्यांवर काळा चष्मा.

"माझ्या स्वयंपाकघराला खिडकी पूर्वेची," काकू दारातूनच म्हणाल्या. "सकाळी ऊन येतं आणि जातं. संसार सुरू झाल्यापासून हेच चाललंय. आता चहाच्या वेळेला ते परत येतं! तुमच्या खिडकीतून! काल काळा चष्मा लावून चहा केला मी. हे विचारतात, कुठं बाहेर निघालीस का?"

"पण काकू, ऊन आमचं कसं असेल? ऊन सूर्याचं आहे."

"सूर्य मला सकाळी भेटतो," काकू म्हणाल्या. "दुपारचा हा तुमचा आहे."

तिच्या पदवीत हा विषय नव्हता.

काकू सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेल्या. सेक्रेटरींचा स्वभाव असा, की आग लागली तरी अर्ज आल्याशिवाय त्यांना धूर दिसत नसे. पण उन्हाविरुद्ध तक्रारीचा छापील अर्जच नव्हता. अखेर काकूंनी पाणीगळतीचा अर्ज भरला आणि 'काय गळते' यापुढे 'ऊन' असं लिहिलं. सेक्रेटरी चहाच्या वेळेला पाहणीला आले, तर आभाळ भरून आलेलं. 'पाहणीवेळी ऊन आढळले नाही,' असा शेरा पडला. दुसऱ्या खेपेला ते काकूंच्या ओट्यापाशी उभे राहून "कुठंय ऊन?" असं विचारत होते, तेवढ्यात ते नेमकं त्यांच्या डोळ्यांत आलं. आधाराला त्यांनी हात टेकला तो कणकेच्या परातीत. निकाल तिथल्या तिथं लागला: फिल्म ताबडतोब काढावी. मात्र फिल्म काढणं हाही इमारतीच्या बाह्य रूपातला बदल असल्यामुळे त्याला परवानगी लागेल, आणि परवानगी समितीच्या बैठकीत मिळेल. बैठक होईपर्यंत तिनं खिडकीला बाहेरून जुनी चादर बांधली. रस्त्यावरून येणारे जाणारे वर बघून विचारू लागले, "काय हो, घर विकायचंय का?"

एवढी सगळी शोभा करून घेऊनही तिनं धीर सोडला नसता. पोरीच्या डोळ्यांसाठी आई काय सोसत नाही! पण याच दिवसांत नानांचं काहीतरी बिनसलं.

सुरुवातीला तिनं त्याला राग म्हटलं. संध्याकाळी दिवे लागले की नाना पेपर घेऊन उठायचे आणि आतल्या बोळात स्टुलावर जाऊन बसायचे. "नाना, इथं का?" विचारलं तर म्हणायचे, "इथं वारा बरा येतो." त्या बोळाला खिडकी नव्हती. वारा यायचाच असता तर त्याला बेल वाजवून यावं लागलं असतं.

मग बुद्धिबळ. नाना रोज हरायला लागले. आधी सगळ्यांना वाटलं, नातीला मुद्दाम जिंकवतात. पण एक दिवस त्यांनी तिच्याच घोड्यानं स्वतःचा वजीर मारला.

"आजोबा! तो माझा घोडा आहे!" टिटवी किंचाळली.

"असू दे. घोड्याला काय कळतंय," नाना हसून म्हणाले. पण पट आवरताना त्यांचे हात काचेवर चाचपडत होते.

मग चहात मीठ. मग वरच्या वहिनी खाली इमारतीच्या काचेच्या मोठ्या दारापाशी समोरून हसल्या आणि नाना ओळख न दाखवता निघून गेले. वहिनी राग मनात ठेवणाऱ्यातल्या नाहीत. त्या काळजी घेऊन आल्या.

"वाईट वाटून घेऊ नका," आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "पण मेव्हण्यांच्या वडिलांचं असंच सुरू झालं. आधी माणसं विसरले. मग किल्ल्या. मग घर."

तिची नजर आधी घड्याळाकडे गेली, शाळा सुटायच्या वेळेकडे. कारण नानांकडे एक मोठी कामगिरी होती. टिटवीला शाळेतून घरी आणायचं काम त्यांचं. निवृत्तीनंतर त्यांनी ते नोकरीसारखं धरलं होतं. इस्त्रीचा शर्ट, विंचरलेले केस, आणि शाळा सुटायच्या कितीतरी आधी फाटकापाशी हजर. भर दुपारचा रस्ता, एक चौक, आणि हाताला धरलेली, सतत बोलणारी, मध्येच हात सोडून पळणारी पोर. आणि आता हे.

तिनं आणि नवऱ्यानं स्वयंपाकघरात दबक्या आवाजात बोलणं काढलं. "बाबांना सांगणार कोण?" "तू सांग, तुझे वडील आहेत." "तू सांग, तुझं ते ऐकतात." पाठीमागे खाकरल्याचा आवाज आला.

"शाळेच्या व्हॅनवाल्याला सांगून टाका," नाना दारात उभे राहून म्हणाले. "सोमवारपासून. मीच म्हणणार होतो."

डब्यातली साखर संपलीय, असं सांगावं तशा आवाजात त्यांनी हे सांगितलं. मग आत जाऊन सोमवारसाठी इस्त्री करून ठेवलेला शर्ट घडी घालून कपाटात ठेवून दिला. ती बघत राहिली. बघणं हेच तर तिचं काम होतं. सगळ्यांवर तिची नजर असायची. आणि तरी आपण काहीतरी बघायचं राहून जातंय असं तिला आतून टोचत होतं.

रविवारी समितीची बैठक झाली, परवानगी मिळाली आणि फिल्म आणि चादर दोन्ही एकदाची निघाली. त्याच दिवशी दिवेलागणीला आख्ख्या परिसरातली वीज गेली.

नळ्या विझल्या. खिडकीतून संध्याकाळचा मऊ उजेड आत आला आणि टेबलावर पसरला. टिटवी कंटाळून ओरडली, "आता काय करायचं?" बोळात गुडुप अंधार झाल्यामुळे नाना बाहेर आले, आपल्या खुर्चीत बसले, आणि म्हणाले, "आण पट."

ती पलीकडे कपड्यांच्या घड्या घालत होती. डाव रंगला. टिटवीचं बोलणं हळूहळू कमी झालं आणि मग बंदच झालं. असं सहसा ती झोपेतच करते.

"शह," नाना म्हणाले. थोड्या वेळानं, "परत शह." आणि मग, "मात."

"आजोबा, तुम्ही आज विसरला नाहीत!"

"आज दिसतंय गं," नाना म्हणाले.

तिच्या हातातली घडी हातातच राहिली. नाना बिस्किटांचा पुडा उचलून त्याच्या कडेवरची मुंगीएवढी अक्षरं मोठ्यानं वाचून दाखवत होते. माणसं विसरायला लागलेल्या माणसाची ही लक्षणं नव्हती.

इतक्यात वीज आली. दोन्ही नळ्या भडकन पेटल्या. नानांचा एक हात झटकन कपाळावर गेला आणि सोंगट्या आवरायला निघालेला दुसरा हात मध्येच थांबला, जागा विसरल्यासारखा. मग ते हळूच उठले, पेपर घेतला आणि बोळाकडे निघाले.

नानांच्या खुर्चीत कुणी बसत नसे. असा नियम कुणी केला नव्हता, पण लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून तिनं ती खुर्ची पुसली होती, सरकवली होती, त्यावर बसली कधीच नव्हती. नवराही नाही. पाहुणा बसायला गेला तर टिटवी त्याला उठवायची.

ती जाऊन त्या खुर्चीत बसली.

"आई! ती आजोबांची आहे!"

"माहीत आहे," ती म्हणाली आणि तिचे डोळे मिटले. एक नळी थेट समोरून डोळ्यांत घुसत होती. दुसरी टेबलाच्या काचेत पडून खालून येत होती. तिसरी चकचकीत भिंतीतून. ही तिसरी तर तिनं विकतही घेतली नव्हती. आणि त्या सगळ्या झगमगाटाच्या मधोमध बुद्धिबळाचा पट म्हणजे एक काळा खड्डा होता. घोडा कुठला आणि उंट कुठला, तिलाही कळेना. तिच्या तरुण डोळ्यांना पाणी आलं. ते नुसतं उजेडामुळे आलं असं तिनं नंतर सगळ्यांना सांगितलं.

"नाना," ती बोळात जाऊन म्हणाली, "इतके दिवस तुम्ही बोलला का नाहीत?"

नानांनी पेपरची घडी घातली. "तू पोरीच्या डोळ्यांसाठी एवढं केलंस. तिला नीट दिसत असेल, तर मला थोडं कमी दिसलं म्हणून काय बिघडलं?" मग पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "आणि खरं सांगू? मला वाटलं, वरच्या वहिनी म्हणतात तसंच माझं सुरू झालंय. ते विचारून पक्कं कशाला करून घ्या?"

डॉक्टरांची वेळ टिटवीच्या नावावर होती. ती दोघांना घेऊन गेली.

टिटवीचे डोळे ठणठणीत निघाले. डॉक्टरांनी नुसतं विचारलं, "वर्गात कुठं बसतेस?" त्यावर टिटवीनं वर्गातल्या प्रत्येकाची जागा सांगितली आणि सगळ्यात शेवटी स्वतःची: मोठ्या खिडकीच्या बाजूला, पांढऱ्या गुळगुळीत फळ्यावर ऊन चमकतं तिथं. "जागा बदलायला सांगा," डॉक्टर म्हणाले. महिनाभराचा रंग, काच, फिल्म, चादर आणि काकूंचा काळा चष्मा, हे सगळं ज्यासाठी झालं त्यावरचा उपाय एवढाच होता.

नानांना मात्र त्यांनी बराच वेळ तपासलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू धरायला लागला होता. "समोरून ऊन आलं की गाडीची धुळकट काच कशी पांढरी होते? तसं होतंय यांना. उजेड आत जाऊन विखुरतो. ऑपरेशन करू, एकेका डोळ्याचं. तोपर्यंत उन्हात रुंद कडेची टोपी, आणि घरात उघडा दिवा डोळ्यांसमोर नको."

"आणि डोकं?" तिनं हळूच विचारलं.

"डोक्याचं काय?"

"काही नाही," नाना म्हणाले. बाहेर आल्यावर ते इतके ताठ चालायला लागले की तिला त्यांच्या मागून पळावं लागलं.

आता प्रश्न उरला वेताच्या झाकणाचा. ते आणायला आत्याबाईंच्या दारात जाणं म्हणजे काय असतं, हे ज्यांना आत्याबाई आहेत त्यांनाच कळेल. झाकण तिथं उलटं होऊन कांद्यांची टोपली झालं होतं. आत्याबाईंनी एकेक कांदा बाहेर काढला. घाई म्हणून केली नाही. शेवटचा कांदा हातात धरून त्या म्हणाल्या, "मी काय म्हणाले होते?" तिनं ते वाक्य शब्दन् शब्द म्हणून दाखवलं. आत्याबाईंनी ते परत एकदा म्हणायला लावलं. वर आणखी डझनभर इशारे दिले आणि या वेळी तिनं सगळे ऐकले. कुठला खरा निघेल याचा आता भरवसा नसल्यामुळे घरी येऊन तिनं फ्रिजवरची फुलदाणीही खाली काढून ठेवली.

नळ्या उतरल्या. टेबलाची काच गेली. जुना दिवा परत टांगला गेला. त्याला काही दिवस कांद्याचा वास येत होता. ऑपरेशनं होईपर्यंत टिटवीला आणायला नाना आणि ती दोघं मिळून जायची. नाना टोपी घालून पुढं, आणि ती जणू सहज मागं. व्हॅनवाल्याला नको म्हणून सांगितलं.

पहिली पट्टी निघाली त्या दिवशी नाना घरी आले, भिंतीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "अगं, ही पांढरी आहे? मला वाटत होतं तू पिवळी दिलीयस." दुसरी निघाल्यावर त्यांनी वरच्या वहिनींना रस्त्याच्या पलीकडून ओळखलं आणि तिथूनच मोठ्यानं विचारलं, "काय म्हणतात मेव्हणे?" आणि थोड्याच दिवसांनी, इस्त्रीचा शर्ट घालून, एकटे शाळेच्या फाटकाकडे निघाले. ती खिडकीतून चौकापर्यंत बघत होती. सवय जाते होय!

ती आता कुणाकडेही गेली की आधी तिथला दिवा बघते आणि मग माणसं मोजते. लोक तिला जरा टाळायलाही लागलेत. म्हणून तिच्या वतीनं मीच तुम्हाला तेवढं इथं सांगून ठेवते: तुमच्याही घरात दिवा लागला की गुपचूप उठून जाणारं कुणीतरी असेल. 'रागावलेत', 'वय झालं', असं स्वयंपाकघरात ठरवून टाकण्याआधी आज संध्याकाळी त्यांच्या खुर्चीत जरा बसून बघा. कुणी उठवायला आलं तरी उठू नका. तिथून काय दिसतं ते नीट बघा, आणि मग त्यांना हाक मारा.